मिनिटभर श्वास मोजण्याचं शास्त्र

खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया झालाय की नुसती सर्दी आहे, हे ठरवायला गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला तीन आकडे पाठ असावे लागतात. वय दोन महिन्यांच्या आत असेल तर मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५०, एक ते पाच वर्षं असेल तर ४०. श्वास तेवढे किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून पुढची पावलं उचलायची. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही.

ऐकायला हे फार ढोबळ वाटतं, पण त्यामागे कारण आहे. न्यूमोनियात फुप्फुसातल्या वायुकोशांमध्ये द्रव साचतो आणि फुप्फुस ताठर होतं. नवाकोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना जसा जोर लागतो, तसा जोर बाळाला दर श्वासाला लावावा लागतो. मग शरीर सोपी वाट काढतं: श्वास उथळ आणि भराभर. त्यानेही भागेनासं झालं की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खोल ओढला जातो, कारण लहान मुलांच्या बरगड्या अजून लवचीक असतात. बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीमधल्या खोकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९८४ मध्ये हेच मांडलं: श्वासाच्या वेगावरून प्रतिजैविक द्यायचं की नाही ते ठरवता येतं आणि छाती आत ओढली जात असेल तर मुलाला दवाखान्यात हलवायचं. आजचे नियम याच धर्तीचे आहेत.

प्रत्यक्ष मोजणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. मूल रडत असेल किंवा दूध पीत असेल तर आकडा फुगतो. म्हणून आधी ते शांत होईपर्यंत थांबायचं, मग आईला बाळाच्या अंगावरचा कपडा वर करायला सांगायचं आणि त्याच्या पोटावर नजर ठेवायची. पोट वर गेलं आणि खाली आलं की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचा मोह होतोच, पण तान्ह्या बाळांचा श्वास मुळातच अनियमित असतो. मध्येच तो काही सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. त्यामुळे पूर्ण मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा मोजायचं. मोजणी करताना बाळाला हात लावायचा नाही, हेही ती शिकलेली असते.

याचा उपयोग किती? अशा पद्धतीने गावातच न्यूमोनिया ओळखून उपचार करण्याच्या निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तर गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिथल्या ३९ गावांमध्ये तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

पद्धतीत उणिवा आहेतच. तापानेही श्वास वाढतो, दम्यानेही वाढतो, त्यामुळे काही मुलांना विनाकारण प्रतिजैविक मिळतं. उलट बाजूने, रक्तातला ऑक्सिजन घसरलेला नुसत्या नजरेला दरवेळी कळत नाही. तिथे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कामाला येतो. पण माझ्या मते खरी अडचण निदानात नाहीच. बाईने अचूक मोजलं आणि पेटीत अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या गोळ्याच नसल्या, तर तो आकडा काय कामाचा?

तीच गत मोबदल्याची. या कामाला 'सेवा' म्हणायचं आणि पैशांचा विषय टाळायचा, ही पद्धत जगभर रुळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलं की या कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात आर्थिक मोबदला द्यावा आणि तो फक्त किंवा मुख्यतः 'अमुक काम केलं तर अमुक रक्कम' अशा हिशेबावर बेतू नये. असा हिशेब लावला की ज्या कामाला पैसे आहेत ते आधी उरकलं जातं. खोकणाऱ्या मुलाशेजारी ते शांत होईपर्यंत बसून राहण्याला सहसा कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.