संशयाला पुरावा कोण पुरवतो?

धानाची कापणी उरकली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांना उसंत राहत नाही. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. कुणीतरी कान भरतो आणि भला माणूस स्वतःच्याच संसाराला आग लावतो, हे कथानक तिथं नवं नाही. ‘एवढ्या शहाण्या माणसानं ऐकलंच कसं?’ असं प्रेक्षक हळहळून विचारतात. या प्रश्नाला मानसशास्त्राकडं बरंच उत्तर आहे.

शेक्सपियरचा ऑथेल्लो घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा ‘झुंजारराव’ केला. हा सेनापती भोळा नाही, दुबळा तर नाहीच. तरी तिसऱ्या अंकातल्या एकाच प्रवेशात तो आतून पोखरला जातो. बढती हुकल्यानं जळणारा त्याच्या हाताखालचा इयागो सुरुवातीला सरळ आरोप करतच नाही. ती बढती मिळालेला कॅसिओ ऑथेल्लोच्या बायकोला, डेस्डेमोनाला, भेटून निघून जाताना दिसतो, तेव्हा इयागो नापसंतीचे दोन शब्द पुटपुटतो आणि ऑथेल्लोनं विचारताच ‘काही नाही’ म्हणून गप्प बसतो. आपल्या पानठेल्यावरही काडी अशीच लागते: “जाऊ द्या न भाऊ, मले कायले विचारता?” तोडलेलं वाक्य ऐकणारा स्वतः पुरं करतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष दुसऱ्यानं सांगितलेल्यापेक्षा जास्त पटतो. त्यातून आपला रंग, वय, परकेपण यांची सल ऑथेल्लोच्या मनात आधीपासूनच होती. इयागोनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

पुढचं काम मेंदूची एक साधी सवय करते. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितला. हवे ते तीन आकडे मांडायचे, नियमात बसतात की नाही ते वेसन सांगणार. बहुतेकांनी दोन-दोननं वाढणारेच आकडे मांडले. नियम फक्त ‘चढता क्रम’ एवढाच होता, पण आपला अंदाज खोटा ठरेल असा आकडा मांडायचं फार थोड्यांना सुचलं. ऑथेल्लोही पुरावा मागतो, पण बायकोचं कॅसिओशी सूत असल्याचाच. त्यानं बायकोला दिलेला रुमाल हरवला, कॅसिओ हसला, सगळं त्याच खात्यावर जमा. हाच माणूस चौथ्या अंकात चारचौघांत बायकोच्या थोबाडीत मारतो.

टॉड आणि ड्यूहर्स्ट या डॉक्टरांनी १९५५ मध्ये जोडीदाराविषयीच्या अशा भ्रमिष्ट संशयाला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ म्हटलं. दारूचं व्यसन आणि मेंदूचे काही आजार यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. गावात ‘स्वभावच संशयी’ म्हणून तो खपवून घेतला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. त्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडं उपचार असतात.

मला सगळ्यात भयंकर वाटते ती शेवटच्या अंकातली चूक. कॅसिओ मेल्याचं ऐकून डेस्डेमोना रडते, कारण आपलं निरपराधपण सांगणारा आता कुणी उरला नाही. ऑथेल्लोला त्या रडण्यात प्रियकराचा शोक दिसतो. भावनांचे अभ्यासक पॉल एकमन यांनी यालाच ‘ऑथेल्लोची चूक’ म्हटलं. आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, या भीतीनं खरं बोलणाराही थरथरतो, अडखळतो. घरच्या बैठकीत सासू-सासरे, दीर भोवती बसवून सुनेला ‘खरं सांग’ म्हणून दरडावतात, तेव्हा तिच्या कापणाऱ्या आवाजावरून फक्त ती घाबरली आहे एवढंच कळतं.