संकुलाच्या वाहतूक अहवालातले आकडे कसे तपासतात? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खाली गाळे, मधल्या मजल्यांवर ऑफिसे आणि वर फ्लॅट असे मोठे संकुल तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येणार असेल, तर त्याच्या कागदपत्रांत बहुधा वाहतुकीचा अहवालही असतो. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या अर्जात रहदारीचा हिशेब द्यावा लागतो. अहवाल इंग्रजीत असतो, जाडजूड असतो आणि शेवटच्या पानावर ‘रस्त्यावर विशेष ताण पडणार नाही’ असे लिहिलेले असते. ते खरेही असेल. पण त्याचा निकाल मधल्या तीन-चार तक्त्यांत लागतो. ते तक्ते आम्ही तपासतो आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगतो.

सगळ्यात आधी आम्ही मोजणीची तारीख बघतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जुलैतला रस्ता आणि जानेवारीतला रस्ता एक नसतो. गळीत हंगामात उसाने भरलेली डबल ट्रॉली चौकात वळू लागली की मागच्या दुचाकी जागच्या जागी थांबतात आणि ट्रॉलीचे शेवटचे चाक वळेपर्यंत समोरूनही कुणी निघू शकत नाही. पावसाळ्यातल्या मोजणीत हे दिसत नाही. शाळेच्या सुट्टीतली मोजणीही तशीच फसवी. एकदा आमचीच एक मोजणी दिवाळीच्या सुट्टीत झाली होती. लक्षात आल्यावर ती रद्द करून आम्ही पुन्हा चौकात उभे राहिलो. तेव्हापासून कुठलाही अहवाल हातात आला की पहिली नजर तारखेवर जाते.

मग येते पीसीयू, म्हणजे ‘पॅसेंजर कार युनिट’. लहानमोठी वाहने एका मापात आणण्यासाठी कार म्हणजे १ धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत दुचाकीला दोन आकडे आहेत: रस्त्यावर दुचाकी ५ टक्क्यांपर्यंत असतील तर ०.५ आणि १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५. आपल्याकडे कुठला लागू, हे बेळगावच्या आरपीडी क्रॉस चौकात पाच मिनिटे उभे राहिलात तरी कळेल. तासाला ७०० दुचाकी धरा. ०.५ ने ३५० होतात, ०.७५ ने ५२५. नुसता आकडा बदलला आणि १७५ पीसीयू रस्त्यावरून नाहीसे झाले! त्याच मार्गदर्शिकेत ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४ ते ५ आहेत. दोन पदरी, दुहेरी, मुख्य रस्त्याच्या खालोखालच्या (सब-आर्टेरियल) रस्त्याची क्षमता तासाला १२०० पीसीयू धरलेली असताना हा फरक लहान नाही.

खरी मेख मात्र वजावटीत असते, म्हणून आमचा सर्वात जास्त वेळ तिथेच जातो. अशा संकुलाकडे येतील असे धरलेल्या गाड्यांतून दोन वजावटी करतात. वर राहणारा माणूस खालीच किराणा घेतो, त्याची गाडी रस्त्यावर येत नाही, ही पहिली. घरी जाता जाता वाटेत थांबून खरेदी करणारा तसाही त्या रस्त्यावरून जाणारच होता, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. पण दुसरी गाडी रस्त्यावर नवी नसली तरी संकुलाच्या गेटात वळतेच. समजा गाळ्यांकडे संध्याकाळच्या तासात ६०० गाड्या येणार. पहिल्या वजावटीचे २० टक्के गेले, उरल्या ४८०. त्यातून वाटेतल्या ४० टक्के काढल्या की रस्त्यावर नव्या २८८. गेटावर मात्र ४८०च. गेटाच्या तक्त्यातही २८८ लिहिले असतील, तर १९२ गाड्या, म्हणजे मिनिटाला तीनहून जास्त, हिशेबाबाहेर राहिल्या. त्यातल्या उजवीकडे वळणाऱ्या गाड्या समोरची रांग अडवून धरतात. जवळ रेल्वे गेट असेल तर गेट पडल्यावरची रांग कुठपर्यंत येते, तेही आम्ही जाऊन बघतो.

पुढच्या वर्षांची वाढही तपासून घ्यावी. दरसाल ५ टक्के धरले तर दहा वर्षांत रहदारी दीडपट नव्हे, सुमारे १.६३ पट होते.

बिल्डर मंडळींनी अहवाल सादर करण्याआधीच आमच्याकडे आणावा; गेटाची जागा कागदावर बदलणे सोपे असते. येताना पूर्ण अहवाल परिशिष्टांसह, मंजुरीचा नकाशा आणि जमल्यास शनिवारच्या संध्याकाळचे चौकाचे फोटो आणा. परिशिष्टे नसतील तर आधी तीच मागून घ्या. मोजणीचे मूळ तक्ते त्यांतच असतात.