हाडे-सांध्यांच्या शस्त्रक्रियेसाठी संगणकी प्रतिरूपण : नागपुरातील पीएच.डी. संशोधन

हाडे, सांधे, स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तिचा परिणाम संगणकावर गणिताने पडताळून पाहण्याची शास्त्रशाखा. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्याच हाडाची त्रिमितीय आकृती (मॉडेल) तयार करतात, तिला हाडाचा कठीणपणा देतात, स्नायूंची ओढ आणि शरीराचे वजन तिच्यावर लादतात. मग त्यात प्लेट, रॉड किंवा कृत्रिम सांधा बसवला तर हाड कुठे ताणले जाईल, कोणता स्क्रू सैल होईल, सांधा कितपत वाकेल, हे पाहतात. पीएच.डी.साठी हा विषय यंत्र अभियांत्रिकी, अस्थिशल्यचिकित्सा, भौतिकोपचार, रेडिओलॉजी किंवा संगणकशास्त्र यांपैकी कोणत्याही बाजूने हाती घेता येतो. नागपुरात या सगळ्या शाखा शिकवणाऱ्या संस्था आहेत. शिवाय विदर्भातील हाडांचे काही आजार आणि इथल्या माणसांची बसण्या-उठण्याची रीत अशी आहे की तिची उत्तरे बाहेर तयार झालेल्या मॉडेलांत सापडत नाहीत. नागपूरचा स्वतंत्र विचार करायचा तो मुख्यतः या दुसऱ्या कारणासाठी.

पूर्वपीठिका : अभियंता आणि वैद्य यांची या विषयातली भेट जुनी आहे. झुरिकमधील शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी दाखवलेल्या मांडीच्या हाडाच्या छेदात अभियंता कार्ल कुलमान यांना क्रेनमधल्या ताण-दाबाच्या रेषा दिसल्या, ही गोष्ट १८६६ च्या सुमाराची. १८९२ मध्ये युलिउस वोल्फ यांनी हाड आपल्यावरील भारानुसार स्वतःची घडण बदलते, हा नियम मांडला. १९६० मध्ये रे क्लफ यांनी फायनाइट एलिमेंट हे नाव दिलेली, वस्तूचे बारीक तुकडे कल्पून गणित करण्याची पद्धत विमाने आणि बांधकामांसाठी होती. १९७२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ती हाडाला लावली. स्नायूंच्या बाजूने १९९० पासून स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्कॉट डेल्प यांचे पायाचे मॉडेल वापरात आले आणि २००७ मध्ये त्याच गटाने ओपनसिम हे मोफत सॉफ्टवेअर खुले केले. ज्याच्याकडे मोठी प्रयोगशाळा नाही अशा विद्यार्थ्यालाही या क्षेत्रात पाऊल ठेवता येऊ लागले, ते या शेवटच्या घटनेमुळे.

कार्यपद्धती : मॉडेले ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिले शरीराच्या हालचालीचे. त्यात हाडे न वाकणारी मानतात आणि कोणता स्नायू किती ओढतो ते काढतात. दुसरे हाडाच्या आतल्या ताणाचे. त्यात हाडाचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाचा आकार भाराखाली किती बदलतो ते मोजतात. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला भार म्हणून पुरवायचे असते.

एका पायावर उभे राहिले की खुब्यावर किती भार येतो, हे उदाहरण घेऊ. शरीराच्या वजनाइतका, असे कोणीही पटकन म्हणेल. प्रत्यक्षात तो वजनाच्या अडीच ते तीन पट असतो. शरीराचे वजन सांध्यापासून आतल्या अंगाला बरेच दूर पडते, आणि ते तोलून धरणारे नितंबाचे स्नायू बाहेरच्या अंगाला सांध्याच्या अगदी जवळ असतात. आखूड दांडीच्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो; तो जोर आणि वजन दोन्ही मिळून खुब्याच्या गोळ्यावर बसतात. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर असा १५० ते १८० किलोचा भार येतो. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात काठी धरायला सांगतात त्यामागे हेच गणित आहे. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच संवेदक बसवून हा भार माणसाच्या शरीरात मोजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत साध्या चालीत तो वजनाच्या सुमारे २.४ पट आढळला.

हाडाला कठीणपणा कुठून द्यायचा, हा पुढचा प्रश्न. सीटी स्कॅनमधील प्रत्येक बिंदूला एक हाउन्सफील्ड अंक असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००. या अंकावरून घनता काढतात आणि घनतेवरून ताठरपणा. १९७७ मध्ये कार्टर आणि हेज यांनी हाडाचा ताठरपणा घनतेच्या घनाच्या आणि त्याची दाब सोसण्याची ताकद घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे दाखवले; आजची बरीच सूत्रे त्याच धर्तीची आहेत. मांडीच्या हाडाच्या कठीण कवचाचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) १७ ते २० गिगापास्कल असतो, टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११०, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. कृत्रिम सांध्याचा हाडाच्या पोकळीत बसणारा धातूचा दांडा हाडापेक्षा इतका ताठ असल्याने भार तोच पेलतो, शेजारचे हाड निवांत राहते आणि वोल्फच्या नियमाप्रमाणे झिजत जाते. दांड्याची जाडी, लांबी किंवा जाळीदारपणा बदलून हे किती टाळता येईल, यावर जगभर अनेक प्रबंध झाले आहेत आणि होत आहेत.

विदर्भातील प्रश्न : खुबा किंवा गुडघा बदलण्याचा सल्ला मिळालेला रुग्ण आपल्याकडे डॉक्टरांना हमखास विचारतो, 'मांडी घालून बसता येईल का?' पंगतीत, भजनात, देवापुढे माणसे जमिनीवर बसतात. शेतात निंदण करणाऱ्या बाया दिवसभर उकिडव्या असतात. अजूनही अनेक घरांत भारतीय बैठकीचे शौचालय आहे. चालताना गुडघा साधारण साठ अंशांपर्यंत वाकतो. पूर्ण उकिडवे बसताना दीडशेच्या आसपास. रूढ मॉडेले चालणे, धावणे, जिना चढणे अशा हालचालींवर घडलेली आहेत. त्यांना खोल वाकवले की स्नायूंच्या रेषा हाडातून आरपार जाऊ लागतात. शिवाय उकिडवे बसल्यावर पोटरी मांडीला टेकते आणि भाराचा काही वाटा तिथेच पेलला जातो. बहुतेक मॉडेलांत हा स्पर्श धरलेलाच नसतो, त्यामुळे गुडघ्यावरचा भार फुगून येतो. मांडी घालताना खुबा वाकतो, फाकतो आणि बाहेर वळतो, तिन्ही एकदम. कृत्रिम खुब्याची वाटी कोणत्या कोनात बसवली तर या स्थितीत दांड्याची मान तिच्या काठावर आदळणार नाही आणि गोळा निसटणार नाही, हा एका पूर्ण प्रबंधाचा विषय आहे. नोंदलेखकाच्या मते नागपुरात या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा याच दिशेने पाहावे. त्याच्या आसपासचे लोक रोज असेच बसतात. परदेशातल्या प्रयोगशाळेला असे स्वयंसेवक शोधून आणावे लागतात.

सिकलसेल हा दुसरा प्रश्न आणि अधिक वेदनेचा. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या काही समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की आतले हाड मरते आणि पुढे गोळा चेपतो. ऐन तारुण्यातले हे रुग्ण असतात. साठीच्या माणसाला बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेल अशी आशा धरता येते, पंचविशीतल्याला ती नाही. म्हणून गोळा चेपण्याआधी काय करता येईल याला इथे फार मोल आहे. मृत भाग किती मोठा, तो भार पडणाऱ्या वरच्या भागात आहे की बाजूला, गोळ्यात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया केली तर ते छिद्र कुठून गेल्यास हाड कमी दुबळे होईल, या तिन्ही गोष्टी एमआरआय व सीटी एकत्र करून मॉडेलवर तपासता येतात. सांधा बदलायची वेळ आलीच तर दुसरी अडचण पुढे येते. या रुग्णांच्या मांडीच्या हाडाची पोकळी अनेकदा कठीण हाडाने भरून अरुंद झालेली असते, दांड्यासाठी ती कोरताना हाड फुटण्याची वा भोक पडण्याची भीती असते. आधी संगणकावर त्या पोकळीचा नकाशा काढलेला असेल तर सर्जनला दांड्याचे माप आणि कोरण्याची वाट अगोदर ठरवता येते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०४७ पर्यंतचे आहे. आज जिवंत असलेल्या रुग्णांच्या खुब्यांचा प्रश्न त्यानंतरही राहणार आहे.

तिसरा प्रश्न फ्लोरोसिसचा, म्हणजे पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे हाडे बिघडण्याचा. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे असे भारतीय मानक सांगते. पाण्यातून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. पण वर्षानुवर्षे ते पाणी प्यायलेल्यांची हाडे बदलून गेलेली असतात. असे हाड एक्स-रेत अधिक दाट दिसते, ताकदीला मात्र कमी भरते. घनतेवरून ताठरपणा आणि ताकद काढणारे नेहमीचे सूत्र इथे वापरले तर मॉडेल कमकुवत हाडाला मजबूत ठरवील आणि स्क्रू त्यात घट्ट बसेल असे खोटे आश्वासन देईल. या हाडांसाठी वेगळे सूत्र बसवायचे तर शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या हाडाचे नमुने, रुग्णाची लेखी संमती आणि धीराने केलेल्या दाबचाचण्या एवढे लागेल. प्रबंध कष्टाचा होईल, पण फ्लोराइडयुक्त पाणी असलेल्या देशभरातील इतर जिल्ह्यांनाही तो उपयोगी पडेल.

संस्था : नागपुरात ज्यांना नुसते 'मेडिकल' आणि 'मेयो' म्हणतात त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६८) या दोन संस्थांत विदर्भासह मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून रुग्ण येतात. मिहानमधील एम्स २०१८ मध्ये सुरू झाले. अभियांत्रिकीची बाजू व्हीएनआयटीकडे (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था). १९६० चे हे महाविद्यालय २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ (१९२३) आणि त्याच्याशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधन केंद्रे हा आणखी एक मार्ग. वैद्यकीय विद्याशाखेतील पीएच.डी.साठी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. व्हीएनआयटी ते मेडिकल हे अंतर काही किलोमीटरचे, पण गाईड अभियांत्रिकीचा आणि सहमार्गदर्शक अस्थिशल्यचिकित्सक अशी जोडी जमवणे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खटपटीवर अवलंबून राहते. ही जोडी प्रवेशाआधी जमलेली असावी. एकट्या अभियंत्याचे मॉडेल अनेकदा असा प्रश्न सोडवते जो शस्त्रक्रियागृहात कोणी विचारलेलाच नसतो.

प्रवेश व शिष्यवृत्ती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा काळ किमान ३ व कमाल ६ वर्षे, कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे, आणि पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आवश्यक. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असल्यास थेट प्रवेशही शक्य आहे. अर्धवेळ पीएच.डी.ला मुभा असल्याने नोकरीतील डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनाही, संस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन, हे काम करता येते. महिला संशोधकांना या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळते. व्हीएनआयटी, एम्स यांचे प्रवेशाचे नियम त्यांचे स्वतःचे आहेत. गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. केंद्रीय कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, वरिष्ठ ४२,००० रुपये. राज्यात बार्टी, सारथी आणि नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरातीची तारीख चुकली तर वर्ष जाते, हे ध्यानात ठेवावे.

कामातील अडचणी : पहिली अडचण स्कॅनची. रुग्णालयांत सीटी रोज होतात, पण साठवलेले काप पुष्कळदा ५ मिलिमीटर जाडीचे असतात. हाडाचे मॉडेल करायला १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप हवेत आणि घनता अचूक ठरवायची तर रुग्णाच्या शेजारी फँटम, म्हणजे ज्ञात घनतेचा तुलनेचा नमुना, ठेवूनच स्कॅन व्हावे लागते. हे रेडिओलॉजी विभागाशी आधी बोलूनच जमते. स्कॅनच्या फाइलीत रुग्णाचे नाव, वय, नोंदणी क्रमांक दडलेले असतात. ती माहिती रुग्णालयाबाहेर नेण्याआधी पुसायची असते. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरीही घ्यावी लागते. समितीच्या बैठकीची वाट पाहण्यात महिने जाऊ शकतात.

सॉफ्टवेअरचा खर्च आता अडसर नाही. हाड वेगळे काढायला थ्रीडी स्लायसर, ताणासाठी फेबायो, हालचालीसाठी ओपनसिम ही सगळी मोफत आहेत. २०२३ मध्ये स्टॅनफर्डमधून आलेल्या ओपनकॅपने तर दोन आयफोनच्या चित्रणावरून चाल मोजता येते. मात्र तेही उकिडवे आणि मांडी घालून बसण्यासाठी विश्वासार्ह आहे का, हे आधी स्वतंत्रपणे तपासावे लागेल. महाग पडते ती पडताळणी. व्हीएनआयटीसारख्या ठिकाणी यूटीएम या ताण-दाब चाचणीच्या यंत्रावर कृत्रिम किंवा जनावराचे हाड ठेवून, त्यावर स्ट्रेन गेज (ताणले जाणे मोजणारी पट्टी) चिकटवून, मॉडेलचे आकडे प्रत्यक्षाशी जुळवता येतात. अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेच्या २०१८ च्या व्ही अँड व्ही ४० या मानकाने पडताळणी किती कडक असावी हे त्या मॉडेलवर कोणता निर्णय अवलंबून आहे त्यावरून ठरवायला सांगितले आहे. सर्जन केवळ समजून घेण्यासाठी चित्र पाहणार असेल तर एक पातळी, त्या चित्रावरून स्क्रूची जागा ठरवणार असेल तर फार वरची.

खरी कसोटी त्याहून पुढे असते. मॉडेलने सांगितले तसे हाड दोन वर्षांनी वागले का? त्यासाठी रुग्ण पुन्हा तपासणीला यावा लागतो, आणि गडचिरोलीच्या आत राहणाऱ्या रुग्णाला बरे वाटू लागल्यावर एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी परवडत नाही. प्रवासखर्चाची तरतूद संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी मांडावी आणि स्कॅन जमवायला कोर्सवर्क संपण्याची वाट पाहू नये; पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा दोन वर्षांनंतरचा एक्स-रे तेव्हाच प्रबंध लिहिण्याच्या वेळेला हाती येतो.