सिनेमा-रूपांतर आणि पुस्तकातलं मुख्य पात्र

पुस्तकावर सिनेमा निघाला की मुख्य पात्राला एक चेहरा नि एक आवाज चिकटतो, हे सगळ्यांनाच माहितीये. मनातलं बोलणं पडद्यावर दाखवता येत नाही म्हणून पात्र बदलतं असं सहसा सांगतात, पण ते अर्धंच खरं, कारण आतला आवाज गेला की पात्राच्या वागण्याला दुसरं काहीतरी कारण जोडावं लागतं आणि खरी गडबड तिथे होते.

नेहमीचं उदाहरण फ्रँकेन्स्टाइनचं. मेरी शेलीच्या कादंबरीत (१८१८) फ्रँकेन्स्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने घडवलेला प्राणी आठेक फूट उंच, पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा आणि चांगलाच बोलका आहे, एका झोपडीतल्या कुटुंबाचं चोरून ऐकत भाषा शिकतो, मिल्टन कवीचं काव्य वाचतो, मधल्या भागात आपली कहाणी स्वतःच सांगतो. जो तो हाकलतो म्हणून शेवटी खुनावर उतरतो. जेम्स व्हेलच्या १९३१ च्या सिनेमात प्राणी झालेला बोरिस कार्लॉफ नुसता गुरगुरतो, आणि प्राण्यात बसवायच्या चांगल्या मेंदूची बरणी शास्त्रज्ञाच्या मदतनिसाच्या हातून पडून फुटते म्हणून मदतनीस शेजारची, गुन्हेगाराच्या मेंदूची उचलून आणतो. झालं! दोष लोकांच्या वागण्यातून निघून बरणीत गेला.

आता प्राण्याला मुका कोणी केला? खापर बहुतेकदा १९३१ वर फुटतं, ते पटत नाही. लंडनला जुलै १८२३ मध्ये आलेल्या रिचर्ड ब्रिन्स्ली पीकच्या नाटकातच टी. पी. कूक हा नट प्राण्याचं काम न बोलता, हातवाऱ्यांवर करत होता, आणि पात्रयादीत प्राण्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती; महिन्याभराने शेलीने स्वतः प्रयोग पाहिला आणि ती रेघ तिला आवडलीसुद्धा. सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत प्रश्नचिन्ह येतं ते बहुधा याच वळणाचं, फक्त तिथे पात्राचं नाव गाळलेलं, इथे नटाचं. घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव प्राण्याला लावायची चूकही जुनीच, एलिझाबेथ गॅस्केलच्या १८४८ च्या कादंबरीत ती आहे. एकूण सिनेमाने रंगभूमीचाच प्राणी उचलला, वर सपाट डोकं आणि मानेतले बोल्ट तेवढे बसवले, आणि आज नाव काढलं की डोळ्यासमोर तेच येतं.

शेरलॉक होम्सचंही थोडंफार असंच. त्याची कान झाकणारी टोपी मुळात गोष्टींची चित्रं काढणाऱ्या सिडनी पॅजेटची. १९३९ पासूनच्या सिनेमांत नायजेल ब्रूसने केलेला होम्सचा सोबती वॉटसन मात्र चक्क वेंधळा झाला, गोष्टींत तोच लष्करातला डॉक्टर बहुतेक सगळं सांगतो, म्हणजे सांगणाराच बावळट ठरला, आणि होम्स फुकटात अजून हुशार दिसायला लागला.