जावई आहेत का एकादशी?

लग्नानंतर पहिल्यांदा बायकोच्या मावशीकडे जेवायला गेलो होतो, मावशींनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं की जावयांना काय आवडतं, तर बायकोने खरं ते सांगून टाकलं. बटाटा, साबुदाणा, दाण्याची चटणी, दही. पलीकडे जरा वेळ शांतता आणि मग मावशी म्हणाल्या, "अगं, हे जावई आहेत का एकादशी?"

तेव्हा मी ३३ वर्षांचा होतो. भाज्यांपैकी बटाटा, शेवग्याची शेंग (तीही आमटीतली, चोखून टाकायची) आणि भजीतला कांदा एवढंच खायचो. फळांत फक्त आमरस, फोडी नाहीत कारण धागे लागतात. लहानपणापासून ऐकत आलोय की हे नखरे आहेत, लाडावून ठेवलंय, चार दिवस उपाशी ठेवा मग दगडपण खाईल. गंमत म्हणजे मलाही तसंच वाटायचं, की आपल्यात काहीतरी कमी आहे. पण मनात कितीही ठरवलं तरी भेंडी तोंडात गेली की घसा आपोआप बंद व्हायचा, डोळ्यांत पाणी, उमासा. ते काही मी ठरवून करत नव्हतो, म्हणून मग यावर वाचायला लागलो, आणि वाचता वाचता स्वतःवरच प्रयोगही केले, त्याचा हा लेख.

पहिली गोष्ट कडूची. गोड चव ओळखायला जिभेवर एकच मुख्य रिसेप्टर आहे आणि कडू ओळखायला साधारण २५ प्रकारचे! कारण सरळ आहे. झाडाला पळता येत नाही, ते विषारी रसायनं बनवून स्वतःला वाचवतं आणि त्यातली बरीच कडू असतात, त्यामुळे कडू लागलं की थुंकणारे आपले पूर्वज जगले. आता हे २५ सगळ्यांचे सारखे नसतात. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या लॅबमध्ये आर्थर फॉक्स नावाचा केमिस्ट पीटीसी नावाची पावडर भरत होता, ती जरा हवेत उडाली, शेजारचा सहकारी म्हणाला काय कडू आहे हे, आणि फॉक्सला काहीच लागेना. दोघांनीही मग चाखून बघितलं, एकाला कडूजहर आणि एकाला खडू. त्यामागचा जीन सापडायला २००३ साल उजाडलं, टीएएस२आर३८ असं त्याचं मोटारीच्या नंबरप्लेटसारखं नाव. कोबी, मुळा, मोहरीची पानं यातल्या रसायनांची रचना पीटीसीशी मिळतीजुळती आहे, म्हणजे एकाच पानात वाढलेली कोबीची भाजी दोन भावांना खरोखर वेगळी लागू शकते.

फ्लॉवरचं तर अजून पुढचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची लाळ घेऊन ती कच्च्या फ्लॉवरमध्ये मिसळली. काहींच्या लाळेत गंधकाचे वास मारणारे वायू भरपूर तयार झाले, काहींच्या कमी, कारण तोंडातले जीवाणू आणि एन्झाइम ज्याचे त्याचे वेगळे. ज्या मुलांच्या लाळेत वास जास्त तयार होत होता त्यांना या भाज्या जास्त नावडत्या होत्या. (हे वाचून मी आईला लगेच फोन केला होता. तिने "बरं" म्हणून गवार निवडायला घेतली.)

आणि नवीन पदार्थाची भीती हा वेगळाच मामला आहे, त्याला फूड निओफोबिया म्हणतात. साधारण दोन ते सहा वर्षांत ती सगळ्यात जोरात असते, म्हणजे मूल चालायला लागून दिसेल ते तोंडात घालू शकतं नेमकं तेव्हा. ब्रिटनमध्ये ८ ते ११ वर्षांच्या जुळ्या मुलांच्या ५,३९० जोड्यांवर २००७ मध्ये अभ्यास झाला, त्यात मुलामुलांमधल्या या भीतीच्या फरकाचा ७८ टक्के भाग अनुवंशिक निघाला. आता हा आकडा वाचून "बघा, माझ्या हातात नाहीच" असं म्हणायचा मोह होतो, मलाही झाला, पण त्याचा अर्थ एवढाच की मुलांमध्ये जो फरक दिसतो तो कुठून आला, बदलता येत नाही असं तो आकडा कुठे म्हणतच नाही.

माझा खरा शत्रू चव नव्हतीच, टेक्स्चर होतं. भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या, त्या पाणी धरून ठेवतात आणि दोरे सुटतात. त्या साखळ्यांचा चिकटपणा आंबटात कमी होतो. म्हणून भेंडीत आमसूल, चिंच, दही, काहीतरी आंबट पडतं. आमच्या घरी भेंडी आदल्या रात्री धुवून पंचावर पसरून ठेवायचे, सकाळी कोरडी चिरायची, परतताना वर झाकण नाही, मीठ शेवटी. हे सगळं पाणी टाळायचं तंत्र आहे. मात्र माझ्या हॉस्टेलच्या मेसमध्ये हीच भेंडी झाकण ठेवून वाफवलेली यायची, हिरवट करडी, आणि त्याच भेंडीने मी बारा वर्षं सगळ्या भेंड्यांची पारख केली.

त्याआधी शाळेत असताना एका शिबिरात "पान स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही" असा नियम होता, पानात पडवळाची भाजी, सगळी पोरं उठून खेळायला गेली आणि मी एकटा पडवळासमोर. शेवटी गिळलं आणि पाच मिनिटांत बाहेर आलं. त्यानंतर पडवळ नुसतं मंडईत टांगलेलं दिसलं तरी मळमळायचं. यालाही शास्त्रात चांगलं जुनं उत्तर आहे. १९५५ मध्ये जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणोत्सर्ग दिला, ज्याने मळमळतं, तर उंदरांनी नंतर ते गोड पाणी टाकलं. बाकी गोष्टी शिकायला मेंदूला पन्नास वेळा लागतील, पण "हे खाल्लं आणि ओकलो" हा धडा एकदाच पुरतो. दोष पडवळाचा नसला तरी.

बरं, ओकारी नाही झाली, नुसता आग्रह केला तर? २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बालवाडीतल्या मुलांना दोन सूप दिली, एकाच्या वेळी मोठ्यांनी सारखं "सूप संपव हं" म्हणायचं आणि दुसऱ्याच्या वेळी गप्प बसायचं. गप्प बसलेलं सूप मुलांनी जास्त प्यायलं, आणि आग्रहाच्या सूपबद्दल तक्रारी भरपूर. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचंच दुसरं नाव असल्यामुळे हे सांगणं अवघड आहे. मी माझ्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मग शिकायचं कसं. इथे लीअन बर्च या बाईंचं काम मला सगळ्यात उपयोगी वाटलं. १९८२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळं आणि चीज चाखायला दिलं, काही पदार्थ दोनदाच, काही पाच, दहा, पंधरा, वीस वेळा. जे जास्त वेळा चाखलं ते मुलांनी नंतर जास्त पसंत केलं. नंतरच्या प्रयोगात कळलं की नुसतं बघून भागत नाही, जिभेला लागलं पाहिजे. आपण काय करतो, दोनदा देतो, पोर तोंड वाकडं करतं, "याला नाही आवडत" असा शिक्का मारून मोकळे. म्हणजे आवडतं म्हणून खातो असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा आधी खाणं येतं आणि आवड मागून कुठेतरी.

मी स्वतःसाठी नियम केला, भाजीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, दिवसातून एकदा, शेजारी वाटी, थुंकलं तरी चालेल, आणि घरच्यांनी माझ्याकडे बघायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. वहीत टिकमार्क. भेंडी चौथ्या दिवसापर्यंत वाटीत गेली, पाचव्या दिवशी गिळली, अकराव्या दिवशी मी लिहिलंय "काही वाटलं नाही". "काही वाटलं नाही" ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

दुसरी युक्ती म्हणजे ओळखीच्या पदार्थापासून एकेक पायरी, अमेरिकेतले आहारतज्ज्ञ याला फूड चेनिंग म्हणतात. मला ती रव्याच्या कापांत सापडली. बटाट्याचे काप मी लहानपणापासून खायचोच, तांदळाचं पीठ, रवा, तिखट, मीठ, तव्यावर कुरकुरीत. मग तेच कच्च्या केळ्याचे केले, बटाट्यापासून फार लांब नाही. मग सुरणाचे. सुरण घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून आधी आमसुलाच्या पाण्यात ठेवून नीट शिजवायचं. आणि मग वांग्याचे. बाहेरून तोच रवा, तोच कुर्रर आवाज, आत मऊ वांगं, जे मी एरवी रश्शात बघून पळालो असतो. पहिल्यांदा अगदी पातळ कापले, जवळजवळ चिप्स. दर आठवड्याला जरा जाड. चौथ्या आठवड्यात आत खरोखर वांगं आहे हे जिभेला कळलं, तोवर उशीर झाला होता!

कारल्याला आई मीठ चोळून पिळते, त्याने कडू पाणी निघतं हे माहीतच होतं. पण मीठ जिभेवरही काम करतं, सोडियममुळे कडू चव दबते, आणि कडूखाली दबलेली गोड चव त्यामुळे वर येते, असं फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ब्रेस्लिन आणि बोशॉंप यांनी १९९७ मध्ये दाखवलं. म्हणजे मीठ आणि गूळ दोघं मिळून कारल्याला पकडतात, नुसता गूळ ढकलून उपयोग नाही. आणि गोडाबरोबर चाखलेली चव नंतर गोड काढून घेतलं तरी बरी लागते असंही मुलांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पाडव्याला कडुनिंब गुळाबरोबर खातो तो याच जातीचा प्रकार, फक्त वर्षातून एकदा, त्या हिशोबाने पंधरा वेळा व्हायला पंधरा वर्षं.

लाळसुद्धा शिकते, हे मला सगळ्यात भारी वाटलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लोकांना आठवडाभर दिवसातून तीनदा कडवट चॉकलेटचं बदामाचं दूध प्यायला दिलं, काही दिवसांत त्यांच्या लाळेतली प्रथिनं बदलली आणि तेच पेय कमी कडू, कमी तुरट लागायला लागलं. त्यामुळे "सवय होते" हे नुसतं मनाचं नाही, तोंडातल्या रसायनाचंही आहे.

इथे एक गंभीर गोष्ट मध्येच सांगतो. दुधी किंवा काकडी कडू लागली तर तिथे हे शौर्य दाखवायचं नाही, थुंकायचं आणि फेकायचं. त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असू शकतात, २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. कारल्याचा कडू कारल्यात ठीक, दुधीत नाही.

आणि सगळ्यांचं प्रकरण माझ्याएवढं हलकं नसतं. खाणं इतकं मोजकं की वजन घटतंय, मुलाची वाढ थांबलीय, रक्त कमी आहे, बाहेर जेवायचं म्हटलं की घाम फुटतो, तर ते आर्फिड, म्हणजे खाणं टाळण्याचा आजार, असू शकतं, २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या ग्रंथात त्याची नोंद आहे. ऑटिझम असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. तिथे वही आणि वाटी पुरणार नाही, डॉक्टर लागतो. डॉक्टरांकडे जाताना "नखरे करतो" असं सांगायचं नाही एवढं तरी करा.

माझं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या, आणि त्यात बटाटा धरत नाहीत, हे वाचून माझे अर्धे मार्क तिथेच गेले. दोन वर्षांनंतर मी बऱ्या दिवशी ३०० च्या आसपास असतो. एकदम वाढवू नका, पोट फुगतं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कळतं. पेरू आवडायला लागला, कच्चा, तिखटमीठ लावून. केळं अजून नुसतं जात नाही, शिकरण चालते. पडवळ डाळ घालून कोरडं केलं तर खातो. शेपू मात्र घरात शिजली की मी गॅलरीत, एकोणीस टिकमार्क झालेत, वहीत विसावी ओळ रिकामी आहे आणि मला काही घाई नाही.

परवा मावशींकडे परत गेलो होतो. त्यांनी काही न विचारता वांग्याचे काप केले होते, चांगले बोटभर जाड. चार खाल्ले. पाचवा वाढायला आल्या तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला, मावशींचा चेहरा पडला, आणि मला सांगावं लागलं की मावशी, अहो खरंच पोट भरलं.