1812 चं युद्ध: अमेरिकेचं की रशियाचं?

'1812 चं युद्ध' असं नुसतं लिहिलेलं दिसलं, तर आधी विचारावं: कुठलं? त्या वर्षी जूनमध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन युद्धांना तोंड फुटलं. 18 जूनला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी ब्रिटनविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर सही केली. 24 जूनला नेपोलियनच्या फौजा नेमान नदी ओलांडून रशियात घुसल्या. जुन्या रशियन पुस्तकांत ही दुसरी तारीख 12 जून दिसते. ती छपाईची चूक नाही. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि ते बारा दिवस मागे होतं.

घोळात भर घातली ती रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने. '1812' नावाची त्याची 1880 सालची रचना रशियाने नेपोलियनला परतवलं त्यावर आहे. त्यात फ्रान्सचं राष्ट्रगीत आणि झारचं गीत, दोन्ही धुना ऐकू येतात. पण 1974 पासून बोस्टनमध्ये ती 4 जुलैच्या सोहळ्यात तोफांसकट वाजू लागली आणि अमेरिकाभर तिची प्रथाच पडली. त्यामुळे ती आपल्याच युद्धाची आहे, असं खुद्द अमेरिकेतही अनेकांना वाटतं.

दोन्ही युद्धांचं मूळ मात्र एकच: ब्रिटन आणि नेपोलियन यांनी एकमेकांचा व्यापार बंद पाडण्यासाठी लावलेली चढाओढ. युरोपातली बंदरं ब्रिटिश मालाला बंद, हा नेपोलियनचा हुकूम. रशियाला तो परवडेना. 1810 च्या अखेरीस झार अलेक्झांडरने तटस्थ जहाजांना बंदरं मोकळी केली आणि फ्रान्सशी बिनसलं. गंमत म्हणजे त्या तटस्थ जहाजांत अमेरिकेची जहाजं बरीच होती. उलट बाजूने ब्रिटनने 1807 मध्ये फतवा काढला की, फ्रान्सच्या ताब्यातल्या बंदरांकडे निघालेल्या तटस्थ जहाजाने आधी ब्रिटिश बंदरात यावं, कर भरावा, परवाना घ्यावा. शिवाय ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजं भर समुद्रात अडवून खलाशी उचलून नेई. जन्माने ब्रिटिश तो कायमचा ब्रिटिश, असा त्यांचा कायदा होता. अमेरिकी नागरिकत्वाचा कागद त्यापुढे कुचकामी. अस्सल अमेरिकीही त्यात हजारोंनी भरडले गेले. पश्चिमेकडच्या मूळ रहिवासी जमातींना ब्रिटिशांची फूस आहे ही तक्रार आणि ब्रिटिशांच्या कॅनडावरचा डोळा, ही कारणंही होतीच.

ब्रिटनने ते फतवे 23 जूनला मागे घेतले, म्हणजे युद्ध पुकारल्यानंतर पाचव्या दिवशी. ही बातमी जहाजाने अटलांटिक ओलांडून पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला होता. खलाशी उचलणं सोडायला ब्रिटन तरीही तयार नव्हता, म्हणून मॅडिसननी युद्ध थांबवलं नाही.

आवाक्यात दोन्हींची तुलनाच नाही. नेपोलियनने रशियासाठी टप्प्याटप्प्याने जवळपास सहा लाख माणूस उतरवलं. मॉस्कोच्या वाटेवरच्या बोरोदिनोत 7 सप्टेंबरच्या एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सत्तर हजारांवर मेले किंवा जखमी झाले. अमेरिकेचं अख्खं खडं सैन्य सुरुवातीला बारा हजारांच्या आत, त्यातही बरेचसे नवशिके. अडीच-पावणेतीन वर्षांच्या युद्धात लढून मेलेले अमेरिकी सैनिक सुमारे 2,260. रोगाने गेलेले वेगळे.

रशियात चढाई करणारा बाहेरून आला होता. अमेरिकेत पहिली चढाई तरुण राष्ट्रानेच केली, कॅनडावर, आणि ती फसली. ऑगस्टमध्ये अमेरिकी जनरल हल यांनी डेट्रॉइट लढाईविनाच शत्रूच्या हवाली केलं. 13 ऑक्टोबरला क्वीन्स्टन हाइट्सला तर कायदाच आडवा आला. नायगारा नदी ओलांडून गेलेली तुकडी टेकडीवर पोचली होती, ब्रिटिश सेनापती ब्रॉक ठार झाला होता, फक्त कुमक हवी होती. पण अलीकडच्या काठावरच्या न्यूयॉर्कच्या नागरी पथकांनी पाऊल उचललं नाही. आमची नेमणूक देशाच्या रक्षणासाठी आहे, परमुलखात जायला आम्ही बांधील नाही, असं त्यांचं म्हणणं. नदीपलीकडे आपली माणसं कोंडीत सापडलेली त्यांना दिसत होती. शेवटी नऊशेच्या आसपास अमेरिकी कैद झाले. न्यू इंग्लंडमधल्या राज्यांना तर हे युद्धच नको होतं. याच काळात अमेरिकी पीठ ब्रिटिश परवान्यावर स्पेनला जात होतं आणि तिथे नेपोलियनशी लढणारं ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं सैन्य त्यावर पोसलं जात होतं.

समुद्रावर मात्र सुरुवातीला उलटंच घडलं. 'कॉन्स्टिट्यूशन'सारख्या अमेरिकी फ्रिगेटवर (मध्यम आकाराची, वेगवान युद्धनौका) 24 पौंडी गोळ्यांच्या तोफा, तर नेहमीच्या ब्रिटिश फ्रिगेटवर 18 पौंडी. कूसही जाड ओकची. ब्रिटिश 'गेरियर'चे गोळे त्यावर आपटून खाली पडले, तेव्हापासून 'कॉन्स्टिट्यूशन'ला पोलादी कुशीची म्हणू लागले. पण ही जहाजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्रिटनने किनाऱ्याची नाकेबंदी आवळली तशी त्यांतली बरीचशी बंदरांत अडकून पडली.

दोन्हीकडे शहर जळालं, म्हणून तिथेही गल्लत होते. 1812 च्या सप्टेंबरात मॉस्को जळालं. फ्रेंच आत शिरल्यावर, पण बहुतेक रशियनांच्याच हातून. ते तेव्हा राजधानी नव्हतं, राजधानी सेंट पीटर्सबर्ग. वॉशिंग्टन जाळलं ब्रिटिशांनी, 24 ऑगस्ट 1814 ला. या दोन आगींच्या मधल्या काळात नेपोलियन पडला आणि स्पेनमध्ये मुरलेल्या ब्रिटिश पलटणी अमेरिकेसाठी मोकळ्या झाल्या. पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर पंचवीस तास मारा झाला. अमेरिकेचं राष्ट्रगीत त्या प्रसंगातलं. ते मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'मिंडेन' या ब्रिटिश युद्धनौकेवर लिहिलं गेलं, ही आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी गोष्ट सोडून द्यावी. ते लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकी जहाजावर होते.

समेटाचा धागाही रशियातूनच निघाला. फ्रेंच मॉस्कोत शिरले त्याच महिन्यात झारने अमेरिकेचे तिथले वकील जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यामार्फत मध्यस्थी देऊ केली. आपल्या एका दोस्ताने आपल्याच दुसऱ्या दोस्ताशी भांडत बसावं हे त्याला गैरसोयीचं होतं. ब्रिटनने मध्यस्थी नाकारली, पण थेट बोलणी मान्य केली. 24 डिसेंबर 1814 ला आजच्या बेल्जियममधल्या गेंटला तह झाला. मुलूख ज्याचा त्याला परत. खलाशी उचलण्याबद्दल तहात अक्षरही नाही. युरोपातलं युद्ध थांबल्यावर ब्रिटनला तशी गरजच उरली नव्हती. अमेरिकेत या युद्धाला दिलेलं 'दुसरं स्वातंत्र्ययुद्ध' हे नाव म्हणूनच जरा फुगवलेलं वाटतं. स्वातंत्र्य 1783 मध्येच मान्य झालं होतं. इथे वाद समुद्रावरच्या वागणुकीचा होता.

8 जानेवारी 1815 ची न्यू ऑर्लिन्सची लढाई 'युद्ध संपल्यावर झाली' असं सर्रास लिहितात. ते बरोबर नाही. तह लागू होणार होता दोन्हीकडच्या मंजुरीनंतर, आणि मंजुरीचे कागद अदलाबदल झाले 17 फेब्रुवारीला. त्यानंतरही दूरच्या समुद्रांसाठी मुदती ठरल्या होत्या: विषुववृत्ताच्या दक्षिणेला दूरवर 90 दिवस, बाकी जगात 120. युद्ध संपल्यावरची चकमक हवी असेल तर ती जावा-सुमात्रामधल्या सुंदा सामुद्रधुनीत, 30 जून 1815 ची. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातलं 'नॉटिलस' हे लहान जहाज आणि अमेरिकेचं 'पीकॉक' समोरासमोर आले. नॉटिलसचा कप्तान बॉइसने तह झाल्याचं ओरडून सांगितलं. पीकॉकचा कप्तान वॉरिंग्टनने आधी निशाण उतरवायला सांगितलं, बॉइसने नकार दिला आणि तोफा सुरू झाल्या. नॉटिलसवर माणसं मेली, बॉइसचा पाय गेला. सर्वांत लांबची मुदत 17 जूनलाच संपली होती. खात्री पटल्यावर वॉरिंग्टनने दुसऱ्या दिवशी जहाज सोडून दिलं.