तळपायातला बायपास

ठाण्यातल्या एका मॉलमध्ये ‘डिटॉक्स फूट बाथ’चा स्टॉल लागला होता. मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, मशीन सुरू झालं की पाणी हळूहळू तपकिरी होतं. “बघा काकू, शरीरातलं विष कसं बाहेर पडतंय!” काकू थक्क. तेच मशीन पाय न घालता चालवलं, तरी पाणी तपकिरीच होतं. आतल्या लोखंडी इलेक्ट्रोडमधून वीज वाहते, लोखंड गंजतं आणि तो गंज पाण्यात उतरतो. शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन, बाकी काही नाही. रक्त गाळायला मूत्रपिंडं आहेत आणि त्यांची नळी तळपायात उघडत नाही.

म्हणून गरम पाण्यात पाय बुडवणंच थोतांड ठरत नाही. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये बाथटब कुठला असायला? पण बादली असते, आणि ती पुरते. कारण तळव्यांच्या कातडीत एक भन्नाट सोय आहे.

एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपत शिरेत पोचतं. तळहात-तळपायांत मात्र धमनिकेला, म्हणजे बारीक धमनीला, शिरिकेशी, म्हणजे बारीक शिरेशी, थेट जोडणाऱ्या आखूड, रुंद वाहिन्याही असतात. मुंब्रा बायपासच म्हणा, फक्त बिनकोंडीचा. पेशींना प्राणवायू देणं हे त्यांचं काम नव्हे. आतली उष्णता कातडीपर्यंत आणून बाहेर टाकणं, हे त्यांचं काम. त्यांच्या भिंतींतले स्नायू अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे आपल्या नकळत काम करणाऱ्या मज्जातंतूंच्या, ताब्यात असतात. थंडीत किंवा मानसिक ताणात ते आवळतात, वाहिन्या मिटतात, पाय गार पडतात. ऊब मिळाली की पकड सुटते आणि तळव्यांतला रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढतो.

आता झोप. संध्याकाळनंतर मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं संप्रेरक, वाढू लागतं आणि शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरायला लागतं. रात्रीत साधारण 1 अंशाने. ही उष्णता मुख्यतः हातापायांतून बाहेर जाते. हातपाय ऊबदार असले तर झोप लवकर लागते, हे स्विस संशोधकांनी 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. गंमत पाहा, गाभा गार व्हावा म्हणून पाय गरम करायचे! टेक्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. 40 ते 42.5 अंशांचं पाणी, झोपण्याआधी 1 ते 2 तास, निदान 10 मिनिटं; एवढ्याने झोप सरासरी 10 मिनिटं लवकर लागते. अगदी आडवं होता होता पाय बुडवले तर उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आणि मे महिन्यात नेरूळच्या दमट हवेत घाम सुकत नाही, तेव्हा नंतर पंखा लावा.

एप्सम मिठाचं काय? ते मॅग्नेशियम सल्फेट. पाण्यात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्याचे 6 रेणू घट्ट धरून बसतो आणि कातडीचा वरचा थर स्निग्ध; त्यामुळे तो सहज आत शिरत नाही. कातडीतून भरपूर मॅग्नेशियम शरीरात मुरतं, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांचंच घ्या. ते पाणी तापतं ते जमिनीत खोल मुरून वर आल्यामुळे, जवळपास कुठला ज्वालामुखी नसताना. तिथे सैलावणाऱ्या अंगाला ऊब पुरेशी असते.

मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना गेली असेल, तर मात्र हा उद्योग डॉक्टरांना विचारूनच करा. पाय भाजतोय हे कळतच नाही. पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासायचं, आणि शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी.